छोट्या बंबात पाणीच नसतं? अर्धंच खरं

‘जपानमधल्या त्या चिमुकल्या लाल अग्निशमन बंबांना पाण्याची टाकीच नसते, म्हणजे नुसती शोभेची गाडी’ असा मजकूर सध्या फिरतोय. टाकी नसते हे बऱ्याच गाड्यांबाबत खरं आहे. शोभेची मात्र नाही.

या ‘केई’ म्हणजे जपानमधल्या छोट्या मोटारींच्या वर्गातल्या गाड्या. रुंदी जास्तीत जास्त १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसीपर्यंत आणि मालाची मर्यादा ३५० किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंप आणि नळ्या चढवल्यावर पाण्याच्या वाट्याला उरतं काय? म्हणून पाणी न्यायचंच नाही, जागेवर उचलायचं, असा हिशेब. स्वयंसेवी अग्निशमन पथकाची माणसं सुटा पंप उतरवतात आणि जाड सक्शन पाइप कालव्यात किंवा तळ्यात सोडतात. पाइपच्या टोकाला जाळी असते, नाहीतर पाला थेट पंपात.

मर्यादा आहेच. पाणी फार खोल असेल, साधारण सात-आठ मीटरच्या खाली, तर पंप ते खेचू शकत नाही. आणि जवळपास पाणीच नसेल, तर हा बंब हात चोळत बसणार. तिथे टाकीवालीच गाडी हवी. अर्थात ती मोठी गाडी अरुंद गल्लीच्या वळणावर अडकली नाही तर.