सहाच सिलिंडर? 'सहाच' म्हणजे काय?

संध्याकाळपासून डोकं तापलंय. लिहून मोकळा होतो, नाहीतर झोप लागायची नाही.

आज माझ्या गॅरेजवर आण्णांची मर्सिडीज एस क्लास सर्व्हिसला आली होती. चाकणला जोडलेली एस 450. आण्णा कोण हे माझ्या जुन्या मित्रांना सांगायला नको. कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्री, चाळीस वर्षं लोखंड वितळवण्यात गेली. बरोबर त्यांचा मुलगा आणि मुलाचे दोन मित्र. मी बोनेट उघडलं, तिघं वाकून बघायला लागले, आणि पोरगा मित्रांना म्हणाला, "सहाच सिलिंडर आहेत रे. पप्पांनी पैसे वाचवले. आठवालीच घ्यायला पाहिजे होती."

आण्णा तीन पावलांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी ऐकलं. हातातला चहा अर्धा होता, तो तसाच बाकावर ठेवला आणि मोबाईल बघायला लागले.

मीसुद्धा गप्प बसलो. गिऱ्हाइकाचा पोरगा, काय बोलायचं? आता त्याचाच जास्त राग येतोय.

अरे, ज्या माणसाला तू हिशेबी म्हणालास ना, त्या माणसानं आठ सिलिंडर पाळलेत. तू शाळेत होतास तेव्हा आण्णांकडे बीएमडब्ल्यूची चार दारांची एम थ्री होती, आठ सिलिंडरवाली. चार लिटरचं इंजिन, 420 हॉर्सपॉवर, आणि इंजिनाच्या फेऱ्यांची सुई मिनिटाला 8400 पर्यंत चढायची. ती आत्ता असती तर तुम्ही तिघांनी तिच्याबरोबर फोटो काढले असते.

दहाएक वर्षं झाली असतील. लोणावळ्याच्या वर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होती. आण्णा म्हणाले, "चल, बघू तरी आपली किती पळते." पहाटे दोनला कोल्हापूर सोडलं, खंबाटकीच्या अलीकडे चहा घेतला आणि ऊन चढायच्या आत पोचलो. तिथं आण्णांच्या मुंबईच्या दोस्तानं नवी एम थ्री आणली होती. नाव तेच, कंपनी तीच, पण कंपनीनं आठ सिलिंडर काढून पुन्हा सहा बसवले होते. तीन लिटर, आणि तीन-तीन सिलिंडरमागे एक टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा. आम्ही सगळे तिला नावं ठेवत होतो. मीही ठेवली. आण्णा तेवढे गप्प होते.

दोन्ही गाड्या शेजारी लागल्या. दिवा हिरवा झाला आणि आठवालीचा आवाज असा फुटला की अंगावर काटा आला. पण पुढं कोण गेलं? सहावाली. पहिल्या दीडशे मीटरातच तिची मागची दोन्ही चाकं आण्णांच्या बोनेटच्या पुढं होती. परत लावल्या. परत तेच.

आता हे का झालं ते गॅरेजवाल्याच्या भाषेत सांगतो. आपण ज्याला पिकअप म्हणतो तो सिलिंडर मोजून येत नाही. चाकाला ओढ किती मिळते आणि ती ओढ किती वजन हलवते, एवढाच हिशेब. आठवालीचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवायची ओढ, 400 न्यूटन मीटर, तोही सुई 3900 वर गेल्यावर. सहावालीचा 550, आणि तो 1850 लाच हातात. वर गाडी ऐंशीएक किलोनं हलकी. कंपनीचे आकडे बघायचे असतील तर 0 ते 100 किलोमीटरच्या वेगाला जुनीला 4.7 सेकंद, नवीला 4.1, दोन्ही ऑटोमॅटिक क्लचच्या. आणि एक गोष्ट आपल्याकडं कोणी बोलतच नाही. टर्बो नसलेलं इंजिन जसं वर न्याल तसं दमतं, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते. आपलं कोल्हापूरच साडेपाचशे मीटरवर आहे. घाटमाथ्यावर विरळ हवेत आठ सिलिंडर तोंड उघडून बसतात, पण खायला हवाच कमी. टर्बो ती दाबून भरतो.

बरं, मान्य. उन्हाळ्यात लागोपाठ चार वेळा पळवली की टर्बोवाली तापते आणि मंद होते, हे खरं आहे.

आता एस क्लासकडे येऊ, कारण विषय तिचा होता. एस 450 फोर मॅटिक (चारही चाकांना ओढ), 0 ते 100 ला 5.1 सेकंद. तीच गाडी आठ सिलिंडरची, एस 580, 4.4 सेकंद. फरक 0.7. नुसतं "आठ, आठ" करणाऱ्यानं ह्या 0.7 चा अर्थ कधी काढलाय का? दोन्ही एकदम सुटल्या, तर सहावालीची सुई शंभरावर टेकते तेव्हा आठवाली जेमतेम दोन गाड्यांच्या लांबीएवढी पुढं असते. पुढं आहे, नाही म्हणत नाही. पण ह्या दोन गाड्यांच्या लांबीसाठी तू बापाला चारचौघांत कमी लेखलंस?

आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीलासुद्धा मर्यादा शंभरचीच आहे. पाच सेकंदात संपलं की सगळं. नंतर काय करणार आहात?

ही पोरं अमेरिकेतले व्हिडिओ बघतात आणि त्यातला आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला लावतात. तिकडं 60 मैलांपर्यंत मोजतात, म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटर. वर पुष्कळ जण गाडी पहिला एक फूट सरकेपर्यंत घड्याळच सुरू करत नाहीत. तिथंच दोन-तीन दशांश सेकंद वाचले. मग म्हणायचं, आपली गाडी स्लो आहे. ज्यानं आयुष्यात एक टायमिंग चेन बदलली नाही त्यानं इंजिनाची जात काढायची, आणि ज्यानं हजारो सिलिंडर हेड ओतली त्यानं ऐकून घ्यायचं. नाही पटत मला हे. अजिबात नाही पटत.

असो.

त्या दिवशी आंबी व्हॅलीत दुसऱ्यांदा हरल्यावर आण्णा उतरले. आम्हाला वाटलं वाईट वाटलं असेल. ते सरळ दोस्ताच्या गाडीपाशी गेले, बोनेट उघडायला लावलं आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं. हातातला चहाचा कागदी कप त्यांनी इंजिनाच्या कव्हरवर ठेवला आणि वाकून त्या चहाकडंच बघत राहिले. मीही बघितलं. चहावर बारीकशी थरथर, बाकी काही नाही. आण्णा म्हणाले, "सहा एका रांगेत असले की एकमेकांचा झटका एकमेकांतच मुरतो. हे ओतणारानं मनापासून ओतलंय."

फाउंड्रीवाला माणूस तो. इनलाइन सिक्सचं संतुलन त्यांना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. पुढचे तीन पिस्टन आणि मागचे तीन एकमेकांची आरशातली जोडी असतात, इंजिनाचा मुख्य दांडा दर 120 अंश फिरला की एक ठिणगी, थरथर मारायला वेगळा बॅलन्स शाफ्ट लावायची गरज नाही. आठाला दर 90 अंशांना एक ठिणगी पडते, म्हणून तो दाट वाटतो. तो आवाज मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू? पण आवाज वेगळा आणि ओढ वेगळी.

म्हणून गुडघे दुखायला लागल्यावर आण्णांनी एस क्लास घ्यायची ठरवली, तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "सहा रांगेतलेच आहेत ना? व्ही सिक्स नको." पैशाचा शब्दसुद्धा काढला नव्हता. मर्सिडीजनं वीसेक वर्षं व्ही सिक्स (तीन-तीनच्या दोन तिरक्या रांगा) बनवून पुन्हा रांगेतल्या सहावर यायचं ठरवलं, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

गाडी आल्यावर पहिल्या आठवड्यात मला घेऊन गगनबावड्याला गेले. उसाचे दिवस. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यातून ऊस दोन्ही बाजूंना लोंबलेला. रस्ता मोकळा दिसला आणि आण्णांनी पाय नुसता टेकवला. 1600 ला 500 न्यूटन मीटर, त्यात स्टार्टरच्या जागी बसवलेल्या 48 व्होल्टच्या मोटरचा ढकल. दोन्ही ट्रॉल्या कधी मागं पडल्या कळलं नाही, इंजिनाचा सूरही बदलला नाही. आण्णा हसले फक्त. बापाच्या शेजारी बसून तो रस्ता एकदा कर पोरा.

आता राग बराच उतरलाय. त्या पोराचंही फार चुकलं असं नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नाही. आण्णा स्वतःबद्दल बोलत नाहीत आणि आम्ही गॅरेजवाले बिल सोडून काही बोलत नाही.

मगाशी ड्रॉवर उपसला. धावपट्टीवरची वेळेची चिठ्ठी मी जपून ठेवली होती. कागद पिवळा पडलाय, शाई उडालीये, पण दोन आकडे वाचता येतात. आण्णांचे 13.3 सेकंद, दोस्ताचे 12.6. मागं पेनानं आण्णांच्या अक्षरात तारीख आणि खाली फक्त "सहा" असं लिहिलंय.

उद्या अकराला गाडी न्यायला मुलगा येणार आहे. एकटाच येतोय म्हणाला. बिलाच्या आधी ही चिठ्ठी त्याच्या हातात देणार आहे.