२ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: रिमोटच्या विमानाचा फ्लॅप अर्ध्यावर का थांबत नव्हता

नमस्कार सर, रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुमचं म्हणणं असं की पोराच्या विमानासाठी साधा रिमोट मागितला तर आम्ही ओपन सोर्सवाला, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरवर चालणारा, महागडा गळ्यात मारला, सॉफ्टवेअर फुकटचं असताना पैसे कशाचे घेतले, घरातले जुने रिसीव्हर (विमानात बसून रिमोटचा सिग्नल घेणारे) जोडत नाहीत आणि फ्लॅप, म्हणजे पंखाची मागची खाली वळणारी पट्टी, अर्धा येतच नाही म्हणजे पीस डिफेक्टिव्ह.

आधी फ्लॅपचं बोलतो कारण त्यात चूक आमची आहे. पीस खराब नाही. एक्सप्रेसएलआरएस म्हणजे रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांशी बोलतात ती ओपन सोर्स रेडिओ सिस्टिम, त्यात ५ नंबरचं चॅनल (एकेका कंट्रोलला एक चॅनल असतं) नेहमीच्या सेटिंगला फक्त चालू नाहीतर बंद एवढंच पाठवतं, मधली पोझिशन त्यातून जातच नाही, ते मोटर आर्म करायच्या, म्हणजे फिरायची परवानगी द्यायच्या, स्विचसाठी राखलेलं असतं. तुमच्या जुन्या रिमोटवर फ्लॅप ५ वर होता तो आम्ही मॉडेल सेट करताना तसाच उतरवून घेतला, सर्वो (फ्लॅप ओढणारी छोटी मोटर) हलतोय बघितलं आणि बॉक्स पॅक केला, मधे थांबतोय का ते बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही. लँडिंगला अर्ध्याच्या जागी पूर्ण फ्लॅप पडला आणि विमान शेजारच्या उसात गेलं हे वाचून फार वाईट वाटलं, पोरानं किती दिवस बसून ते फोम चिकटवलं असेल. फ्लॅप ६ वर घ्यायचा, सर्वोची वायर पण तिकडे हलवायची आणि ५ वर थ्रॉटल कट, म्हणजे मोटर बंद ठेवायचा स्विच, ठेवायचा, एवढंच काम आहे. विंगची रिपेरी आमच्याकडून, पैसे नाहीत.

जुन्या रिसीव्हरचं पण आम्हीच आधी विचारायला हवं होतं. रिमोटच्या मागे मॉड्यूलची जागा आहे, तिथे वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरशी बोलणारं फोर इन वन मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल बसतं, त्यात ४ वेगवेगळ्या रेडिओ चिप असतात आणि तुमच्या रिसीव्हरला लागणारी ए७१०५ नावाची चिप त्यात आहे. दुकानातलं लावून आधी बघा, चाललं तर घ्यायचं का ते मग ठरवा.

पण गळ्यात मारला हे मला मान्य नाही सर. रिमोटमधलं सॉफ्टवेअर एजटीएक्स फुकट आहे हे खरं, २०२१ ला ओपनटीएक्स या जुन्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधून ते वेगळं निघालं आणि जगभरचे हौशी लोकच ते सांभाळतात, तुमचे पैसे गेले ते हॉल सेन्सरच्या (चुंबकावर चालणाऱ्या) गिंबलला, म्हणजे बोटांनी हलवायच्या दांड्यांना, स्क्रीनला आणि आरएफला, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या रेडिओच्या भागाला. मी स्वतः कित्येक वर्षं एका कंपनीच्या बंद सिस्टिमवर उडवत होतो, त्यांनी प्रोटोकॉल (रिमोट-रिसीव्हरची बोलायची भाषा) बदलला आणि माझे चांगले चालणारे रिसीव्हर ड्रॉवरमध्ये पडले ते आजपण तिथेच आहेत. एक्सप्रेसएलआरएसचा रिसीव्हर रेडिओमास्टर, बीटाएफपीव्ही, हॅपीमॉडेल अशा बऱ्याच कंपन्या बनवतात, एकीनं बंद केला तर दुसरीचा घ्या. शिकणाऱ्या पोराला मी तेच देणार. मेनू अवघड आहे, ते मात्र शिकवल्याशिवाय द्यायला नको होतं.

विश्रामबागच्या दुकानात कुठल्याही संध्याकाळी या, पोराला पण आणा, सेटिंग त्याच्याच हातून करून घेतो. येताना रिमोटमधलं एसडी कार्ड काढू नका, मॉडेलची फाइल त्यातच आहे.