‘एबीआय दिला की एजंटला सगळं कळतं’ म्हणे!

परवा धाकट्या भावाने एक फॉरवर्ड पाठवला, वर ‘दादा हे वाच, आपण उगाच मेहनत करतोय’. हा फॉरवर्ड मी आधीही दोन-तीन ग्रुपवर बघून सोडून दिला होता, पण पठ्ठ्याने तो वाचून स्वतःच्या वॉलेट एजंटमधली (क्रिप्टो वॉलेट चालवणारा एआय) सगळी टूल डिस्क्रिप्शन्स, म्हणजे कुठलं टूल काय करतं हे मॉडेलला सांगणारा मजकूर, उडवून टाकलीत म्हटल्यावर गप्प बसवेना. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: एआय एजंटला ब्लॉकचेनची टूल्स देताना डिस्क्रिप्शन लिहिणं म्हणजे टाइमपास, कॉन्ट्रॅक्टचा (ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रामचा) एबीआय, म्हणजे त्यातल्या फंक्शन्सची यादी, दिला की मॉडेल आपलं आपण समजून घेतं, लांब डिस्क्रिप्शनने टोकन (मॉडेल वाचतं ते शब्दांचे तुकडे) वाया जातात, ट्रान्झॅक्शन अडकलं तर एजंट स्वतःच परत ट्राय करतो, आणि सेफ्टीसाठी ‘विचारल्याशिवाय पैसे पाठवू नकोस’ ही एक ओळ पुरते.

पहिला मुद्दाच सगळ्यात डोकं फिरवणारा. एबीआय एकदा उघडून तर बघा. ट्रान्सफर नावाचं फंक्शन, टू म्हणजे अ‍ॅड्रेस, अमाउंट म्हणजे यूइंट२५६ (नुसता एक पूर्णांक), संपलं. ही अमाउंट अख्ख्या यूएसडीसीत (डॉलरला बांधलेलं कॉइन) की त्याच्या सगळ्यात लहान युनिटमध्ये, कुठल्या चेनवर, याबद्दल एबीआय मूग गिळून बसतो. इथेरियमवर यूएसडीसीला ६ डेसिमल्स (दशांश स्थळं), डाय नावाच्या कॉइनला १८, रॅप्ड बिटकॉइनला ८. म्हणजे ५० यूएसडीसी पाठवायचे तर आकडा द्यायचा ५,००,००,०००. भावाच्या एजंटला त्याने टेस्टनेटवर (खोट्या पैशांच्या सरावाच्या चेनवर) ‘५० पाठव’ सांगितलं, एजंटने सरळ ५० टाकले. ट्रान्झॅक्शन सक्सेस, एजंट खुशीत ‘पाठवले’ म्हणतोय, आणि समोर पोचले ०.००००५. कुठे एरर नाही, काही नाही!

उलटी चूक तर याहून वाईट. १८ डेसिमल्स धरून यूएसडीसी ट्रान्सफर करायला गेलात तर बॅलन्स पुरत नाही म्हणून निदान फेल तरी होतं, पण अप्रूव्ह (दुसऱ्याला आपले पैसे उचलायची परवानगी देणारं फंक्शन) बॅलन्स बघतच नाही हो. ५० च्या पुढे १८ शून्यं लावून अप्रूव्ह मारलंत की समोरच्या कॉन्ट्रॅक्टला ५० लाख कोटी यूएसडीसी उचलायची परवानगी मिळाली, म्हणजे वॉलेटमध्ये आज आहे ते आणि उद्या येईल तेही, परवानगी काढून घेईपर्यंत. आणि हे सगळं हिरव्या टिकसकट. कोणी म्हणेल यूएसडीसी ६ चा असतो हे मॉडेलला माहीत असतं. असतं ना, पण बीएनबी चेनवरचा बायनान्स-पेग यूएसडीसी १८ चा आहे, तिथे त्या पाठांतराचं काय करायचं?

मी त्याला लिहून दिलं ते असं: ‘हे टूल फक्त सेपोलिया टेस्टनेटवर, चेन आयडी १११५५१११, यूएसडीसी पाठवतं. अमाउंट माणूस बोलतो तशी, स्ट्रिंगमध्ये द्यायची, उदाहरणार्थ “५०.२५”, डेसिमल्सचं गणित टूल करेल. परवानगी द्यायला हे वापरू नये, त्यासाठी वेगळं टूल आहे.’ स्ट्रिंग कशाला? जावास्क्रिप्टचा नंबर साधारण ९ वर १५ शून्यं एवढ्यापर्यंतच पूर्णांक बिनचूक धरतो, आणि १ ईथ (इथेरियमचं कॉइन) म्हणजे १ वर १८ शून्यं एवढे वेई, म्हणजे त्याची सगळ्यात लहान युनिट्स, तिथे नंबर चुकू शकतो.

आणि हे माझंच मत नाहीये. अँथ्रॉपिकच्या टूल वापराबद्दलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की टूल नीट वापरलं जाण्यात सगळ्यात मोठा वाटा सविस्तर डिस्क्रिप्शनचा, प्रत्येक टूलला किमान ३-४ वाक्यं लिहा. मॉडेल बनवणारेच सांगतायत, आता अजून कोणाला विचारायचं?

टोकनचं (मॉडेलचे टोकन हं, कॉइनवाले नाहीत, या विषयात हा घोळ कायमचा) थोडं मान्य करावं लागेल, नाइलाजाने. डिस्क्रिप्शन्स कॉन्टेक्स्टमध्ये जागा खातात आणि साठ टूल्सचे साठ निबंध दिले तर एजंट गोंधळतोही. पण मग टूल्स कमी करा ना! अख्खा एबीआय ओतलात तर ज्या फंक्शन्सना एजंट कधी हात लावणार नाही तीही आत येतात, त्यांचे टोकन काय फुकट आहेत?

परत ट्राय करण्याबद्दल एवढंच, की ट्रान्झॅक्शन पाठवल्यावर लगेच मिळतो तो हॅश (ट्रान्झॅक्शनची ओळख), कन्फर्मेशन नाही. हे डिस्क्रिप्शनमध्ये नसेल तर एजंट रिसीट (पूर्ण झाल्याची पावती) दिसत नाही म्हणून नव्या नॉन्सने (ट्रान्झॅक्शनचा अनुक्रमांक) पुन्हा पाठवतो आणि दोनदा पैसे जातात. ‘हॅश मिळाला की परत कॉल करू नको, स्टेटसचं टूल वापर’, एवढी एक ओळ लागते.

राहिली सेफ्टीची ओळ. वरती म्हणे डिस्क्रिप्शन फालतू आणि खाली त्याचंच कुलूप करून दाराला लावलंय! डिस्क्रिप्शन सूचना असते, मॉडेल ती बहुतेक वेळा पाळतं आणि एखाद्या वेळी पाळत नाही. एमसीपीमध्ये (एजंटला टूल्स जोडायचं स्टँडर्ड) ‘हे टूल काही बदलत नाही’, ‘हे टूल घातक आहे’ असे शिक्के मारता येतात, पण त्यांचं नावच हिंट आहे, आणि अनोळखी सर्व्हरच्या अशा शिक्क्यांवर विसंबू नका असं स्पेसिफिकेशनच सांगतं. खर्चाची मर्यादा कोडमध्ये घाला, एजंटच्या वॉलेटमध्ये गेले तरी चालतील एवढेच पैसे ठेवा.

भावाने डिस्क्रिप्शन्स परत टाकलीत. फॉरवर्ड मात्र अजून डिलीट केलेला नाही, म्हणतो टोकनवाला मुद्दा बरोबर होता ना. बरं बाबा, अर्धा होता.