‘ब्राउझर सांभाळून घेतो’ म्हणे!

वेब डेव्हलपरांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: एचटीएमएल लिस्टमधल्या व्हॅलिडेशन एररच्या, म्हणजे व्हॅलिडेटर हे कोड तपासणारं साधन दाखवतं त्या चुकांच्या, मागे लागू नका. कारणं तीन दिली जातात. ब्राउझर सगळं सांभाळून घेतो, डब्ल्यूसीएजी २.२ मधून (वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या मार्गदर्शक नियमांमधून) बिनचूक कोडचा नियमच गेला. आणि एका चुकीपायी ढीगभर एरर दाखवणाऱ्या व्हॅलिडेटरचं ऐकायचं कशाला?

पहिलं कारण अर्धं खरं आहे. चुकलेला मार्कअप, म्हणजे टॅग लावलेला कोड, कसा वाचायचा हेही एचटीएमएल ५ ने ठरवून दिलं, त्यामुळे सगळे ब्राउझर तो एकाच पद्धतीने सावरतात. पण त्यांनी सावरलेलं तुमच्या मनासारखं असेलच असं नाही. ‘पी’च्या (परिच्छेदाच्या टॅगच्या) आत ‘यूएल’ (बुलेटवाल्या लिस्टचा टॅग) टाकून पाहा. ‘यूएल’ दिसताच पार्सर, म्हणजे ब्राउझरचा कोड वाचणारा भाग, ‘पी’ बंद करतो आणि लिस्ट परिच्छेदाबाहेर पडते. पुढे तुमचा ‘पी’ बंद करणारा टॅग येतो, तेव्हा उघडा ‘पी’ नसतोच. मग तिथे एक रिकामा ‘पी’ तयार होतो. ‘पी’च्या क्लासला दिलेला रंग लिस्टला लागत नाही आणि आपण बिचाऱ्या सीएसएसला (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडला) दोष देत बसतो.

‘यूएल’च्या आत थेट दुसरं ‘यूएल’ ठेवलं तर ब्राउझर काहीच सावरत नाही. लिस्ट दिसते छान, आत सरकलेली वगैरे. फक्त ती कोणत्या मुद्द्याखालची, हे कोडमध्ये कुठेच राहत नाही. खरं तर दुरुस्ती किरकोळ आहे: वरच्या मुद्द्याचा ‘एलआय’ (लिस्टमधल्या एका मुद्द्याचा टॅग) बंद करणारा टॅग उचलायचा आणि आतल्या लिस्टच्या खाली न्यायचा.

दुसऱ्या कारणात अर्धीच बातमी सांगितलेली असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ मधून ४.१.१ हा पार्सिंगचा निकष गेला, हे खरं. पण १.३.१ जागेवरच आहे: डोळ्यांना दिसणारी रचना कोडमधूनही कळली पाहिजे. ‘यूएल’ आणि ‘एलआय’ यांच्यामध्ये उगाच ‘डिव’ (नुसता गट करणारा टॅग) घातला की लिस्टमध्ये किती मुद्दे आहेत हे स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नीट सांगेल याचा भरवसा नाही.

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. वरून पहिली एरर दुरुस्त करा, पुन्हा तपासा. खालच्या बऱ्याचशा आपोआप जातात. शिवाय व्हॅलिडेटर समजतात तितका खडूसही नाही. ‘एलआय’ बंद केला नाही तरी त्याला चालतं. एचटीएमएल ४.०१ ने नापसंत ठरवलेलं ‘ओएल’चं (क्रमांकित लिस्टचं) ‘स्टार्ट’ (सुरुवातीचा आकडा) आज पूर्ण वैध आहे.

व्हॅलिडेटरची खरी उणीव या सल्ल्यात येतच नाही. सीएसएसने बुलेट काढून टाकले की सफारीत व्हॉइसओव्हर (ॲपलचा स्क्रीन रीडर) बहुतेक ठिकाणी लिस्टला लिस्ट म्हणणं सोडतो, आणि व्हॅलिडेटरला त्याचा पत्ताही नसतो. उपाय म्हणून ‘यूएल’ला ‘रोल’ (हा घटक काय आहे ते सांगणारी खूण) म्हणून ‘लिस्ट’ द्यावा, तर हा रोल अनावश्यक आहे म्हणून तोच व्हॅलिडेटर कुरकुरतो. ती कुरकुर खुशाल सोडून द्या; ती वॉर्निंग आहे, एरर नव्हे.