बिलातली ती एक ओळ

अमेरिकेत खेड्यापाड्यांतही परवडणारा फोन आणि नेट पोहोचावा म्हणून टेलिफोन कंपन्यांकडून पैसा गोळा करणाऱ्या युनिव्हर्सल सर्व्हिस फंडाला तुमच्या लेखात ‘गावठी टेलिफोन कंपन्या पोसायचा धंदा’ म्हटलंय. मी तिथल्याच आयोवा राज्यात राहतो, म्हणून लिहितोय. इथे अशा छोट्या कंपन्या ढिगाने आहेत, त्यातल्या कित्येक सहकारी. आमचीही तशीच, गावातले ग्राहकच सभासद. (आपल्या दूध सोसायटीसारखी, राजकारणासकट!) मागच्या वर्षी मक्याच्या शेतापलीकडच्या एकाच घरासाठी कंपनीच्या दोन पोरांनी दीड मैल चर खणून फायबर केबलची नारिंगी नळी पुरली. त्या एका घराच्या बिलातून हा खर्च कधी वसूल व्हायचा? मोठ्या कंपन्या अशा ठिकाणी फिरकत नाहीत. फिरकल्या असत्या तर १९४९ साली ग्रामीण टेलिफोनसाठी सरकारला स्वस्त कर्जं द्यावी लागलीच नसती.

फंडाच्या वसुलीच्या पद्धतीवरची लेखातली टीका मात्र रास्त आहे. १९९६ च्या कायद्याने हा पैसा आंतरराज्य आणि परदेशी कॉलच्या उत्पन्नातून घ्यायचा ठरला. ते उत्पन्न आटत चाललंय, त्यामुळे त्यावरच्या वसुलीचा दर २०२५ मध्ये ३६ टक्क्यांवर गेला. कंपन्या तो सरळ बिलात लावतात आणि लँडलाइन धरून बसलेल्या म्हाताऱ्यांना तो भरावा लागतो. नेटवर वसुली नाहीच. सुप्रीम कोर्टाने जून २०२५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी फंड वैध ठरवला, पण वसुलीचा हा गुंता अमेरिकी संसदेलाच सोडवावा लागेल.

आपल्याकडच्या अशाच फंडावर, म्हणजे डिजिटल भारत निधीवरही असाच एक लेख येऊ द्या.