गावी जाताना दिवसाचीच गाडी हवी

सहकुटुंब कोकणात गावी जायचे ठरले की आमच्या घरी पहिली चर्चा होते ती गाडी दिवसाची धरायची की रात्रीची, याची. रात्रीच्या गाडीने रजेचा दिवस वाचतो, मुले झोपून जातात आणि जाग येते तेव्हा कुडाळ जवळ आलेले असते, हे सगळे खरे आहे. तरीही ठाण्याहून निघताना मी सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसचाच आग्रह धरते. एकाच छताखाली राहणारी आम्ही माणसे एरवी वेगवेगळ्या वेळांना जेवतो, वेगवेगळ्या खोल्यांत बसतो; सलग आठ-नऊ तास एकमेकांच्या समोर बसण्याचा योग या गाडीतच येतो आणि तो मला रजेच्या एका दिवसापेक्षा मोलाचा वाटतो.

त्यातही माझी पसंती साध्या शयनयान डब्याला आहे. एकामागे एक खुर्च्यांच्या डब्यात पुढच्याच्या डोक्याकडे पाहत बसावे लागते, तर इथे समोरासमोरच्या बाकांवर दोन पिढ्या बसतात आणि बाजूच्या बर्थवर तिसरी. शिवाय खिडकी उघडता येते. "खिडकी उघड गो, वायच वारो येवंदे," असे सासूबाई पनवेल सोडताच म्हणतात, आणि पुढे रोह्यानंतर डोंगर जवळ येऊ लागले की त्या वाऱ्याला ओल्या मातीचा किंवा वाळल्या गवताचा, जो ऋतू असेल त्याचा वास येतो. काचबंद वातानुकूलित डब्यात हे सुख नाही. खिडकीची जागा मोठे स्थानक आले की बदलायची, हा आमच्याकडचा नियम माझ्या मुलीने केला आहे आणि तिचे आजोबासुद्धा तो काटेकोरपणे पाळतात.

खाण्याचा विषय थोडा सविस्तर सांगायला हवा. घरून तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी आणि दहीभात असे डबे निघतात, ते आदल्या रात्रीपासून सगळ्यांनी मिळून केलेले असतात आणि म्हणून प्रवासाची सुरुवात खरे तर स्वयंपाकघरातच होते. मात्र मांडवीच्या नेहमीच्या प्रवाशांना तिच्या खानपान डब्याचे वेगळेच कौतुक आहे. बटाटेवडे, कटलेट, ऑम्लेट-पाव असे काही ना काही घेऊन विक्रेते सारखे फिरत असतात, आणि घरचा डबा उघडलेला असतानाही मुले त्यांच्या हाकेकडे कान लावून बसतात. मी दोन्हींना मोकळीक देते. सासूबाईंनी आयुष्यभर सगळ्यांना वाढून मग स्वतः जेवायचे, हाच क्रम पाळला. गाडीत मात्र त्या सर्वांबरोबर, खिडकीशी बसून, गरम कटलेट खातात. एवढ्या एका दृश्यासाठीसुद्धा मी दिवसाची गाडी निवडेन.

खेड मागे पडले की अप्पा, म्हणजे माझे सासरे, जुन्या प्रवासाच्या गोष्टी सुरू करतात. मुंबईहून संध्याकाळच्या एसटीने निघायचे, कशेडी आणि परशुराम घाटांच्या वळणांवर पोट सांभाळायचे आणि सकाळी कणकवलीत उतरून पुढच्या गाडीची वाट पाहायची. त्याआधीच्या काळात भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीने ते आपल्या वडिलांबरोबर आले होते, ती हकीगत मुलांना तोंडपाठ असूनही पुन्हा हवी असते. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वे मार्ग पूर्ण होऊन १९९८ मध्ये देशाला अर्पण झाला. जॉर्ज फर्नांडिस यांनी रेल्वेमंत्री असताना तो राजकीय पातळीवर लावून धरला आणि अभियंते ई. श्रीधरन यांनी तो बांधून घेतला, ही नावे अप्पा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावांसारखी आदराने घेतात. कोकणातल्या ज्या माणसाने घाटातली ती रात्र काढली आहे, त्याला हा आदर समजावून सांगावा लागत नाही.

मुलांचे आकर्षण अर्थात बोगद्यांचे. या मार्गावर ९० हून अधिक बोगदे आहेत आणि त्यांत रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगद्यात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे हातातला फोन आपोआप खाली जातो आणि गप्पा किंवा भेंड्या सुरू होतात. पावसाळ्यात करबुड्याच्या आधी उक्षी स्थानकाजवळ रानपाटचा धबधबा दिसतो, तर रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा सुमारे ६४ मीटर उंचीचा पूल येतो. तेव्हा आमच्या बाजूची सगळी मंडळी दोन्ही खिडक्यांशी गोळा होतात. मालगाडीच्या वाघिणींवर चढवलेले ट्रक समोरून जाताना दिसले, तर माझ्या मुलाला दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटते. १९९९ पासून ही रो-रो सेवा चालू आहे आणि ट्रकमध्ये बसलेल्या चालकांना हात करण्याची संधी तो सोडत नाही.

वीरच्या पुढे मार्ग बहुतांशी एकेरी असल्याने गाडीला क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, थांबावे लागते, आणि या थांब्यांबद्दल अनेकांना त्रागा करताना मी ऐकले आहे. माझे मत वेगळे आहे. लहानशा स्थानकावर गाडी उभी राहते, वयस्कर माणसे पाय मोकळे करतात, मे महिना असेल तर करवंदे किंवा जांभळे मिळतात आणि शेजारच्या बाकावरच्या कुटुंबाशी ओळख निघते. तुमचे गाव कोणते, असे विचारता विचारता कुणाची तरी मावशी नात्यातली निघते! पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि मुसळधार पावसात तर ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जाऊ दिले जात नाही. रुळांवर दरडींसाठी गस्त घालणारी माणसे रेनकोट घालून, हातात दिवा घेऊन चालत असतात. त्यांच्याकडे पाहिल्यावर उशिराबद्दल तक्रार करावीशी मला वाटत नाही. त्यांना हात दाखवायला मी मुलांना आवर्जून सांगते.

पुढच्या प्रवासाचा बेत आता सुरू आहे. होन्नावरजवळ शरावती नदीवर दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा पूल आहे, तो मुलाला पाहायचा आहे आणि अप्पाही त्याच्या बाजूने आहेत. सासूबाईंचे म्हणणे आधी कुडाळला चार दिवस राहावे, मग मडगावला मुक्काम करून पुढची गाडी दिवसाचीच धरावी. आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते, म्हणून पावसाळी वेळापत्रक संपल्यानंतरची तारीख आज रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी मिळून ठरवायची आहे. कुणी त्या बाजूला दिवसाच्या गाडीने गेले असेल, तर कोणत्या हाताची खिडकी धरावी ते कृपया लिहा.