म्हातारपणाचा मुहूर्त

इंग्लंडात म्हातारे व्हायचे मनात असेल, तर आधी सरकारी तारखा बघून घ्या. पत्रिका नंतर.

2011 साली डिल्नॉट आयोगाने सुचवले की देखभालीपोटी माणसाच्या खिशातून आयुष्यभरात 35 हजार पौंडांच्या वर जाऊ नयेत, पुढचे सरकारने सोसावे. सरकारला हे फारच पटले. 2014 च्या केअर अ‍ॅक्टात, म्हणजे देखभालीच्या कायद्यात, त्यासाठी कलम 15 घातले, 35 चे 72 हजार केले आणि 2016 चा एप्रिल धरला. तुमचे गुडघे त्या एप्रिलच्या भरवशावर असतील, तर दोष गुडघ्यांचा. 2015 च्या जुलैत मुहूर्त 2020 वर गेला आणि 2017 मध्ये तोही मोडला. मग 2021 मध्ये बोरिस जॉन्सन यांनी नवा मांडव घातला: 86 हजार, ऑक्टोबर 2023. 2022 मध्ये तो 2025 वर सरकला आणि 2024 च्या जुलैत अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी खांबांसकट उतरवला. कलम 15 अजून कायद्याच्या पुस्तकात मुंडावळ्या बांधून बसलेले आहे.

तेव्हा या दशकात म्हातारे होणाऱ्यांनी देखभालीवरच्या नव्या, लुईस केसी बाईंच्या आयोगाकडे डोळे लावावेत. त्यांचा शेवटचा अहवाल 2028 पर्यंत यायचा आहे. तोवर पडू नका, विशेषतः न्हाणीघरात.

न्हाणीघरावरून आठवले. कोणी तुम्हाला आंघोळ घालणार असेल, तर ती वैद्यकीय आहे की सामाजिक, एवढे आधी विचारून घ्या. वैद्यकीय असली तर एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे फुकट. सामाजिक असली तर तुमच्या गावच्या कौन्सिलची, म्हणजे तुमची ऐपत तपासून. पाणी तेच, साबण तोच, पाठही तुमचीच. 5 जुलै 1948 ला एनएचएस सुरू झाली आणि त्याच दिवशी कौन्सिलवर म्हाताऱ्यांची जबाबदारी टाकणारा नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्टही लागू झाला. तेव्हापासून हे सोवळे-ओवळे कडक पाळले जाते. आजार निवडतानाही हे ध्यानात असू द्या. कॅन्सर बहुधा सोवळ्यात बसतो, डिमेन्शिया बहुधा ओवळ्यात पडतो.

ऐपतीचे म्हणाल तर 23,250 पौंडांच्या वर काही शिल्लक असली की सगळा खर्च तुमचा. हा आकडा 2010 पासून हललेला नाही. एवढ्या वर्षांत इंग्लंडात पंतप्रधानांमागून पंतप्रधान घरी गेले, आकडा मात्र ध्यानस्थ. केअर होममध्ये कायमचे जायची वेळ आली, तर राहते घरही हिशेबात धरतात. पण जोडीदार किंवा साठी ओलांडलेला नातेवाईक आधीपासून त्याच घरात राहत असेल, तर धरत नाहीत. एकत्र कुटुंब मोडून तुम्ही केवढी चूक केलीत, ते आता कळले? एक आत्या सांभाळली असती तर घर वाचले असते.

(आत्या भारतात आहे? तिला आणायची सोय नाही. आईला आणता येते, पण 2012 पासूनच्या नियमांनुसार ती इतकी आजारी हवी की रोजची साधी कामे तिला जमू नयेत आणि तिची तशी देखभाल भारतात पैसे मोजूनही मिळू नये. वर पुण्याहून हीथ्रोपर्यंतचा प्रवास झेपण्याइतकी ठणठणीतही हवी.)

पत्ताही सारखा बदलू नये. एका गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाला विल्टशायरने दुसऱ्या कौंटीत सांभाळायला ठेवले, आईवडील कॉर्नवॉलला गेले, मुलगा मोठा झाला आणि मग खर्च कोणाचा यावर कौन्सिलांची जुंपली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विल्टशायरच्या पदरात घातला, जिथे मुलगा लहानपणानंतर राहिलाच नव्हता. ज्याला चौथ्या वर्षी घराबाहेर काढले त्याचे गाव कोणते, हे ठरवायला इतके वकील लागले.

केअर अ‍ॅक्टाचे कलम 1 मात्र पाठ करून ठेवा. तुमचे कल्याण साधणे हे कौन्सिलचे कर्तव्य आहे, असे त्यात लिहिले आहे आणि कल्याणाच्या यादीत पहिलाच मान प्रतिष्ठेला. हे वाचून डोळे भरून आले, तर 2011 चा केन्सिंग्टन-चेल्सीचा खटला वाचून पुसा. एका बाईंना रात्री कमोडपर्यंत जायला माणसाचा आधार लागे. लघवीवर ताबा होता, पायांवर नव्हता. कौन्सिल म्हणाली, पॅड वापरा, स्वस्त पडते. न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी कौन्सिलचे खरे केले. विरोधातल्या न्यायमूर्ती लेडी हेल यांनी एवढेच दाखवून दिले की हाच न्याय लावला तर दिवसाचा आधारही काढून घेता येईल. तो निकाल जुन्या कायद्याखाली झाला, हे खरे. नव्या कायद्यात प्रतिष्ठा वर चढली. पॅड महागल्याचे काही ऐकले नाही.

आता असेसमेंटचा, म्हणजे तुमची गरज तपासण्याचा दिवस. सोशल वर्कर येईल, तिच्याकडे दहा गोष्टींची यादी असेल: खाणेपिणे, धुणे, संडास, कपडे वगैरे. मदत हवी तर त्यातल्या किमान दोन जमता कामा नयेत. एकच जमत नसेल तर तिला जोडी शोधा. खूप दुखत दुखत जमत असेल, तरी कायदा ते ‘जमत नाही’ यातच धरतो. पण हे आजीला कोण समजावणार? एरवी उठताना तीनदा ‘आई गं’ म्हणणारी आजी त्या दिवशी सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचे पातळ नेसून, पावडर लावून बसते. कसे आहात विचारले की, ‘मला मेलीला काय धाड भरलीय?’ संडासाचा विषय निघाला की लाजून मान फिरवते. सोशल वर्कर लिहून घेते: स्वतंत्र, प्रसन्न, नीटनेटक्या.

म्हणून आदल्या रात्रीच चहासाखरेचे डबे वरच्या फळीवर ठेवा. त्यातूनही आजी भिंत धरत धरत ओट्याशी गेलीच आणि ‘पोरगी लांबून आलीय, साखर किती घालू विचार रे,’ म्हणाली, तर तेवढे भाषांतर करू नका.